संमती

बाबांनी कागद केला तेव्हा ओरिन एकतिशीचा होता
आणि आठवड्यातले चार दिवस शुद्धीत नसायचा.
नॉर्थ डकोटात, रेड नदीच्या काठची बाराशे एकर काळी जमीन,
साखरबीटची, गव्हाची,
बँकेच्या एका टेबलाला दावं लावून बांधली त्यांनी
धाकट्या नातवंडाला पन्नासावं लागेपर्यंत.
‘कधीही मागे घेता येणार नाही’,
हे वाक्य त्यांनी वकिलाला दोनदा वाचायला लावलं.
विश्वस्त निधी म्हणतात त्याला.
पायाचा पहिला दगड अविश्वासाचा होता.

बाबांना जाऊन सव्वीस वर्षं झाली.
त्यातली एकवीस ओरिन बाटलीला शिवलेला नाही.
दर गुरुवारी चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडतो,
तिथल्या लोकांसाठी कॉफी करतो, पांचट.
बँक फी कापते, पत्र पाठवते,
खाली सही दरवेळी नव्या माणसाची,
ज्यानं बीट फक्त बरणीतलं पाहिलं असणार.

आज कोर्टात सगळे जमलो.
ड्वेनच्या बुटांचा ऑक्टोबरचा चिखल फरशीभर.
लुडविना फिनिक्सहून आलेली, कुडकुडत, पातळ कोटात.
माझ्या सहीला पेन उमटेना,
तर ओरिननं खिशातलं दिलं,
धान्याच्या कोठाराची जाहिरात छापलेलं.

‘आणि जे अजून जन्मलेले नाहीत?’
न्यायाधीश बाईंनी विचारलं.
त्यांच्यासाठीही वकील नेमलेली होती.
मिस प्रोहास्का उठल्या,
नसलेल्या माणसांच्या वतीनं घसा खाकरला,
म्हणाल्या, ‘माझ्या अशिलांची हरकत नाही.’
कोणी हसलं नाही.
मी मागच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं,
उगाच.

मग मूळ हेतूचा प्रश्न निघाला.
तो पुरा झाला का? अजून काही उरलाय का?
कागदावर नुसतं ‘कुटुंबाचं हित’.
आमचा वकील पानं चाळत राहिला.
हेतू दुसऱ्या बाकावर बसला होता,
बासष्ट वर्षांचा, टोपी मांडीवर.
आपण होऊन उठला.
‘बाई, तो हेतू म्हणजे मी.
वडिलांचं बरोबर होतं.
तेव्हा.’
आणि बसला.

हातोडा वगैरे काही आपटला नाही.
बाईंनी सही केली, चष्मा पुसला,
पुढचं प्रकरण कुंपणाचं होतं.

बाहेर बीटचे ट्रक कारखान्याकडे चाललेले,
वळणावर एखादं बीट घरंगळून रस्त्यात.
ओरिन गाडीपर्यंत आला माझ्यासोबत.
म्हणाला, ‘माझा वाटा तू ठेवशील? थोडे दिवस.’
‘कागद करायचा?’
‘नको.’

मी हो म्हणाले.
पण त्याआधी, खोटं कशाला बोलू,
जवळ सरकून
त्याच्या श्वासाचा वास घेतला.