गळा बेतताना

बेकर्सफील्डला हिवाळ्यात धुकं उतरतं
ते थेट रस्त्यावर बसतं, गाभण गाईसारखं,
उठवता उठत नाही.
अशाच एका सकाळी ट्रूडी कॅलोवे आली,
हातात बूट, पायात कुणाचे तरी मोजे.
म्हणाली, उद्या रात्री फ्रेस्नोला गायचंय
आणि अंगावर धड काही नाही.

मी एकोणीस वर्षांची.
यूसेबियोमामाच्या दुकानात काजं करायची, बटणं लावायची.
मामा जेवायला गेलेला. टेप मी उचलली.

बरगडीखाली सव्वीस, श्वास सोडून.
"श्वास घेतल्यावर बघ," ती म्हणाली,
"लोक मला बघतात तेव्हा मी गात असते."
एकोणतीस.
ते तीन इंच मी जन्मभर विसरले नाही.
पुढं जी कुणी दारात आली
तिला आधी म्हणायची, गा.
आणि ती गात असताना माप घ्यायची.

मार्वा लीन हॅस्केटचा डावा खांदा अर्धा इंच खाली.
तेराव्या वर्षापासून गिटारचा पट्टा तिथंच.
मी आतून कापूस भरला, दोन्ही बाजू सारख्या केल्या,
आणि स्वतःवर खूश झाले.
तिनं आरशात पाहिलं, बराच वेळ.
"ही कोण?"
रात्री बसून सगळं उसवलं.

कोरीन डेलला सातवा महिना होता,
रेकॉर्ड कंपनीला पत्ता नव्हता.
पुढून चामड्याची झालर सोडली, दुपदरी,
ती ठेक्यावर हलली की झालर आधी हलायची.
लोकांना वाटलं, नवी फॅशन.
पुढच्या उन्हाळ्यात अर्ध्या गावातल्या पोरी
झालरी लावून फिरत होत्या
झाकायला काही नसताना.

बाहेर तेलाचे पंप माना घालत, माना काढत,
रात्रभर हो हो म्हणत असायचे,
आणि आत मी काचेचे खडे शिवायची,
एका जाकिटाला चार हजार.
पाठीला कमी लावू का, विचारलं तर ट्रूडी म्हणाली,
पाठ ड्रमरला दिसते, त्यानंही तिकीट काढलंय असं समज.

लोक म्हणायचे, काय गळा आहे बाईचा!
मला हसू यायचं. गळा मी बेतलेला.
तो किती उतरवायचा यावरून भांडणं
माझ्याच टेबलावर व्हायची.
मॅनेजर बोट ठेवायचा: इथपर्यंत.
तो सिगारेट ओढायला गेला
की ती तेच बोट दोन इंच वर.
मी तिची रेघ धरून कात्री चालवायची.
बिल कधीच वेळेवर आलं नाही.

व्हर्ना टिडवेलचा ड्रेस अजून माझ्या कपाटात आहे.
वाइनच्या रंगाचा, हाताची तुरपाई राहिलेली.
तिचं एकच गाणं चाललं, एकच उन्हाळा,
मग ती ट्रायलला आलीच नाही.
कुणी म्हणालं, टल्साला दंतवैद्याकडे फोन उचलते.
दात न दुखता फोन करणारी माणसं
त्या गावात असणार, असं मी धरून चालते.
सुईच्या नेढ्यात आता दोरा जात नाही,
नाहीतर तुरपाई तेवढी उरकून टाकली असती.

परवा सुपरमार्केटात,
डबाबंद घेवड्याच्या फळ्यांपाशी,
छतातून ट्रूडी गायला लागली.
डब्यांना किमती चिकटवणारा पोरगा
शब्द माहीत नसताना गुणगुणत होता.
दुसऱ्या कडव्याआधी ती थांबते ना,
रेकॉर्डवर नीट ऐकलं तर ऐकू येतं,
हवा आत घेतल्याचं,
तिथं माझ्या बोटांत टेप ताणली गेली.

"एकोणतीस," मी मोठ्यानं म्हणाले.
"नाही मॅडम, एकोणनव्वद सेंट," पोरगा म्हणाला,
"दोन घेतले तर स्वस्त पडेल."

दोन घेतले.
गाणं संपेपर्यंत तिथंच उभी राहिले,
डब्यावरची मिठाची टक्केवारी वाचत.