कणगी

डेंगळे पुलाखाली पाणी उतरल्यावर
बाभळींना जे अडकून राहतं
ते हौसाक्का सोडवते.
तोडत नाही, सोडवते.
गाठ नखानं, नाहीच सुटली तर दातानं.
दातानं नको गं, म्हटलं मी, या नदीचं काही खरं नाही.
म्हणाली, माझ्या दातांचं तरी कुठं खरं आहे.

इथं निरगुडी होती.
पुरात आडवी व्हायची, पूर गेला की उठायची.
तिचे फोक कापून आणायचे, भिजत घालायचे,
आणि शुक्रवारच्या बाजाराला पाट्या, दुरड्या, डालगी.
आता तिथं भिंत आहे
आणि भिंतीवर रंगवलेला खंड्या, चोचीत रंगवलेला मासा.

मग तिनं हे धरलं:
खोक्यांच्या पिवळ्या पट्ट्या, केबलची काळी वायर,
दुधाच्या पिशव्या चिरून वळलेला पीळ,
कुणीतरी नदीची ओटी भरलेले खण,
वाढदिवसाच्या फ्लेक्सची चिंधी,
तिच्यावर कुण्या भाऊंचा एक डोळा आणि ‘हार्दिक’.
सात दिवस उन्हात. वास जात नाही.
मग आठवा दिवस.

फोक ऐकतो, ती म्हणते, हे ऐकत नाही.
वाकवलं की परत ताठ.
रात्रभर दगडाखाली ठेवते
आणि सकाळी त्याच्याशी पुन्हा पहिल्यापासून बोलते.
विणताना मोजते आमच्या कैकाडी बोलीत.
मला ती वीसपर्यंतच येते.
पुढचं तिचं तिलाच.

घराच्या अर्जाला वॉर्ड ऑफिसनं तीनदा
केराची टोपली दाखवली, तेव्हा
एवढंच विचारलं होतं तिनं:
टोपली आपली होती का गं? कड कशी बांधलेली होती?

कोरेगाव पार्कच्या गॅलरीत टेम्पो उलटा लावला.
माणसाच्या छातीएवढी कणगी, दारातून जाईना,
दाराचं एक फळकूट काढावं लागलं.
तिथली मुलगी, सानिका का सायली,
वही घेऊन आली. कलाकृतीचं नाव?
कणगी.
म्हणजे काय?
ज्वारी ठेवायची.
हिच्यात?
हौसाक्कानं पांढऱ्याशुभ्र फरशीवर घमेलं ठेवलं.
शेण.
सारवल्याशिवाय कणगी होत नाही, ती म्हणाली,
नुसतंच डालगं राहतं.

तीन फोन झाले. एसी बंद केला.
कुणीतरी वर्तमानपत्रं अंथरली.
तिचा हात निम्म्यापर्यंतच पोचला.
मग मला म्हणाली, उतर.

एक्केचाळीस वर्षांची मी, पदर खोचून,
स्टुलावरून कणगीत उतरले.
आत दुधाच्या पिशव्यांचा निळा उजेड होता.
भाऊंचा डोळा बरोबर माझ्या डोळ्यासमोर,
त्याच्यावर पहिला हात फिरवला.
मग खाली, बुडापाशी, जिथं उभ्या पट्ट्या सुरू होतात.
किती आहेत म्हणून मोजायला लागले,
आमच्या बोलीत, हळू आवाजात,
बाहेर लोक उभे होते.

विसावर थांबले.
हात शेणात, बोट एकविसाव्या पट्टीवर.

बाहेरून, वीणीतल्या फटीतून,
तिनं पुढचा आकडा सांगितला.