पुसून पुढे जा

माझी पद्धत विचाराल तर सांगतो,
कुणी विचारत नाही, तरी सांगतो:
पेन ड्राइव्ह. आठ जीबीचा, निळा, टोपण हरवलेला.
अख्खी सिस्टिम त्यात मावते
आणि खिशात किल्ल्यांबरोबर खुळखुळते.

नुगझार अजून सीडीतून बाहेर यायला तयार नाही.
चकती फिरायला लागली की कान लावून बसतो,
विहिरीत सोडलेला पोहरा पाण्याला कधी टेकतो ते ऐकावं तसा.
"आवाजच येत नाही, तर काम चाललंय कशावरून?"
बाद्रीला हातच लावायला नको.
एका तारेवरून रात्रीत तीस मशीनं भरतो,
सकाळी शाळेची गाडी येऊन घेऊन जाते.
कुठल्या मशीनची कुठली कळ रुसलीय, याला पत्ता नाही.
वाढप झालं हे, मी म्हणतो. जेवू घालणं नव्हे.

कुताइसीत जानेवारीत वीज जाते
आणि नेमकी ब्याऐंशी टक्क्यांवर जाते,
म्हणून टेबलाखाली ट्रकची बॅटरी ठेवलीय.
ट्रकचा कारखाना बंद पडला, बॅटरी चालू आहे.

त्या कारखान्यात हिशेब लिहिणारी त्सियुरी
गुरुवारी आली, उशीच्या अभ्र्यात मशीन घालून.
"नवऱ्याचं. तो द्राक्षं काढायच्या दिवसांत गेला."

मी माझं ठरलेलं सुरू केलं:
डिस्कचे दोन भाग करू,
जुन्याला धक्का नाही, सगळं जिथल्या तिथे,
नवी सिस्टिम शेजारी नांदेल.
सुरू करताना मशीन दर वेळी विचारेल, कुठे जायचं?
"दर वेळी?"
दहा सेकंद वाट बघेल, मग आपलं आपण ठरवेल.
"तोही असंच करायचा," ती म्हणाली. "पुसून टाक."

नुगझारचा स्क्रू फिरता फिरता थांबला.
पुसलेलं परत येत नाही, मी बजावलं.
पुन्हा बजावलं. तिसऱ्यांदा बजावताना
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जशी बेरीज माझीच चुकली होती.
"फोटो भिंतीवर आहेत. पत्रं त्याने कधी लिहिली नाहीत.
आत आहेत ते पत्त्यांचे खेळ,
आणि कोणाकोणाला उसने दिलेत त्याची यादी.
ती मला पाठ आहे."

एंटर तिनेच दाबलं.

मग मशीन विचारत गेलं, ती उत्तरं देत गेली,
सरकारी खिडकीसमोर उभं राहावं तशी, ताठ.
भाषा? यादीत खूप खाली सापडली,
मडक्याच्या कानांसारखी आमची गोल अक्षरं.
शहर? नकाशा उघडला.
"त्बिलिसी सोडून काहीच नाही?"
घड्याळापुरतं, मी म्हणालो.
"माझं घड्याळ कधीच त्बिलिसीचं नव्हतं."
पण टिचकी मारली.

आपलं नाव?

इथे थांबली.
ताळेबंदाखाली मुख्य लेखापालाचं असायचं,
विजेच्या बिलावर अजून नवऱ्याचंच आहे.
एका बोटाने, अक्षर हुडकत हुडकत,
तिने आधी बापाचं आडनाव लिहिलं, मग स्वतःचं नाव,
मग क्रम बदलला.

पासवर्डाला तिने आम्हा तिघांना
भिंतीकडे तोंड करून उभं केलं.
भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर,
आम्ही ते लक्ष देऊन वाचलं.
मागे कळा वाजत राहिल्या.
मी मोजल्या नाहीत.
एकोणीस होत्या, नुगझार नंतर म्हणाला.

ब्याऐंशीवर वीज गेली.
बॅटरी घुरघुरली, पट्टी पुढे सरकली.

जाताना तिने आंबट आलुबुखारच्या चटणीची बाटली ठेवली,
अभ्र्याला गाठ मारली
आणि हात पुढे केला.
"तो निळापण दे.
पुढच्या वेळी माझं मी करीन."

तेव्हापासून नुगझारच्या सीडीवर भागवतोय.
वेळ लागतो.
आवाज येतो, हे मात्र खरं.