अपील

केप्याच्या शाळेचं मैदान. दुसरा अंपायर आलाच नाही,
काणकोणची बस चुकली म्हणे.
मी एकटाच, मास्क कपाळावर सरकवून
चार बेसांना दोन डोळे पुरवत.

तिसऱ्या डावात तिसऱ्या बेसवर दोघी.
एकाच पांढऱ्या उशीला एकीची टाच, एकीचा गुडघा,
आणि हसणं आवरत नाही.
चेंडूवालीनं दोघींना चेंडू लावला,
गोंधळून मलाही लावणार होती.
बेस पुढचीचा. मागची आऊट.
मागची, अनोशा कार्दोज, रडकुंडीला:
"सर, म्हजो पांय चड आशिल्लो!"
पाय किती, ते मोजत नाहीत गो बाय.
मामलेदार कचेरीत बावीस वर्षं हेच लिहितोय,
कोण आधी, कोण मागून.
तिथं मात्र निकाल लागेस्तोवर
दोघांची नातवंडं त्याच अंगणात खेळू लागतात.

शेवटचा डाव. बरोबरीला एक धाव.
चेंडू गेला थेट काजूच्या झाडाखाली
आणि पहिल्या बेसवरून प्राचिता वेळीप सुटली.
दुसऱ्याला वळसा घेताना
पाऊल पडलं उशीच्या चार बोटं आत,
लाल मातीत, पाचही बोटांच्या जोरानं.
मी पाहिलं.
ती होमला पोचली, मैत्रिणींनी उचलली.

बोलायचं नसतं.
सुटलेला बेस अंपायरला दिसतो,
पण कुणी विचारीपर्यंत त्यानं तो पाहिलेला नसतो.
अर्जाशिवाय फाईल उघडत नाही, तसंच.
सांग्याच्या बाई भांडत होत्या कुत्र्यावरून,
चेंडूमागे धावलेलं ते कुणाच्या बाजूचं.
त्यांच्या नऊ मुलींतल्या एकीनं
नुसतं बोट दाखवलं असतं तरी—

मी वाकलो. प्लेट झाडली.
झाडलेली प्लेट पुन्हा झाडली.
कोपरे. परत कोपरे.
इतका वेळ देणं कुठल्या कलमात बसतं, ठाऊक नाही.
पिचरनं हात फिरवला.
"बॉल," मी म्हणालो,
आणि विचारायची मुदत संपली.

संध्याकाळी बेस गोळा करताना
प्राचिता आली, न बोलावता.
दुसरा बेस तिनंच उपटला,
तिथंच पुन्हा खाली ठेवला,
त्यावर पाय दिला. नीट. पुरता.
मग गोणीत टाकून
बसस्टँडकडे पळाली.

गोणीचं तोंड मी बांधलं.