फेअर

बार्शीच्या शाळेत आमच्या दोनच वह्या असत:
एक रफ, एक फेअर.
रफमध्ये चुकायची मुभा,
शाईचे डाग, मागच्या पानावर फुली-गोळा.
फेअरला तपकिरी कव्हर, आखलेला समास,
आणि खाली बाईंची लाल सही.
शब्द मला तिथून माहीत.
वाटलं होतं, पुरेसा माहीत आहे.

तेवढा घेऊन हलला उतरले
चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात.
हंबरवरून धुकं येई, त्याला मासळीचा वास,
आणि साऱ्या देशात लाल असलेले टेलिफोनचे डबे
इथे मात्र सायीच्या रंगाचे.
म्हटलं, घ्या, यांचे डबेसुद्धा फेअर!
कारण तोही अर्थ मला ठाऊक होता.
इंग्रजी पेपरातल्या स्थळाच्या जाहिरातीत
अण्णांनी तो पेन्सिलीने अधोरेखित केला,
कोश काढून पाहिला,
आणि माझ्याकडे न बघता
पान उलटलं.

वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर मिस्टर एलरकर,
जन्म ट्रॉलरवर गेलेला, डाव्या हाताला तीनच बोटं.
रोज सकाळी मी विचारी, कसं वाटतंय?
रोज उत्तर, फेअर टु मिडलिंग, लव्ह.
तक्त्यावर पेन धरून मी उभी:
गोरा ते मध्यम? सुवाच्य ते मध्यम?
सिस्टर ब्रॅमली हसून म्हणाली, म्हणजे तसं बरंय.
अहो, मग बरंय म्हणा की!
आमच्याकडे गुडघा धरला, विहीर आटली,
जावयाने नोकरी सोडली,
तरी दारात आलेल्याला बरंयच सांगतात.
माझी कोंडामावशी आणि हा म्हातारा
एकाच गोत्राचे निघाले.

रेडिओवर समुद्राचं हवामान लागलं की
तो डोळे मिटून घेई.
हंबर, वारा नैर्ऋत्येचा, फेअर.
एकदा डोळे न उघडताच म्हणाला,
माझा भाऊ गेला ना, त्या दिवशीही फेअरच होतं.
मी थर्मामीटर झटकत राहिले,
पारा कधीच खाली आला होता.

मग मेट्रनची खोली.
मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातली माझी तीन वर्षं
तिने दोन बोटांत धरून उजेडात पाहिली,
आणि खालच्या पायरीचा हिरवा पट्टा पुढे सरकवला.
इट्स ओन्ली फेअर, म्हणाली.
कोणाला, ते वाक्यात नव्हतं.
मला आमचं रास्त भाव दुकान आठवलं.
'रास्त' केवढ्या मोठ्या अक्षरात रंगवलेलं,
आणि तराजूच्या पारड्याखाली
चिकटवलेला चिंचेचा गोळा.
मी म्हटलं, फेअर इनफ.
इथे दार आपटत नाहीत,
हे दोन शब्द म्हणतात.

परतताना बसमध्ये कंडक्टरचा हात पुढे:
फेअर्स, प्लीज.
अण्णांना पत्रात लिहिलं, स्पेलिंग वेगळं आहे म्हणे,
पण आपल्या लिपीत सगळं सारखंच दिसतं.
अण्णांनी उत्तरात फक्त विचारलं,
थंडी फार आहे का.

काल नातीला घेऊन वॉल्टन स्ट्रीटच्या जत्रेत गेले.
जत्रेलाही तोच शब्द, हे एव्हाना अंगवळणी पडलंय.
दिवे, डिझेलचा धूर, कागदातली गरम पॅटी,
आणि आकाशात उलटं फिरणाऱ्या पाळण्याशी
उंची मोजायची रंगीत काठी.
केया दोन बोटं कमी भरली.
काठीवाला मान हलवून पुढच्या पोराकडे वळला.
तिने पाय आपटले,
आणि सगळ्या फेअरभर ऐकू जाईल असं ओरडली,
नॉट फेअर!

मी हसायला लागले ते थांबेचना.
डोळे पुसले, पुन्हा हसले.
ती रागावून बघत राहिली, आजी, काय झालं?
आता काय काय सांगू?
म्हटलं, पॅटी खा, निवतेय.

बसमध्ये आता कंडक्टर नसतो.
मला फेअर लागत नाही, म्हातारपणाचा पास आहे.
तिला लागतं.
अर्धं.