हजेरीवही

आमच्या मंडळीची हजेरीवही माझ्याकडे असते.
एकोणीस वर्षं. एकाच निळ्या शाईत.
कोण आलं, कोण नाही, कुणी किती क्वाचा टाकले.
म्हणजे देवाने कधी विचारलंच
तर कागद तयार.

त्या रविवारी वचन वाचायचं होतं लामेकी चिपोंडाने.
आठवडाभर शेळ्यांना वाचून दाखवत होता,
लांबलचक नावांपाशी अडखळत,
पुन्हा मागे जात.
घंटा झाली (आमची घंटा म्हणजे ट्रकची रिम,
आंब्याला टांगलेली, गजाने बडवायची),
गाणी झाली, प्रार्थना झाली,
पाळकांनी चष्मा दोनदा पुसला.
लामेकी नाही.
मंडळीची सायकलही नाही.

मी त्याच्या नावापुढे फुली मारली.
खरं सांगतो, जरा दाबूनच मारली.
मागच्या टायरचे पैसे
मीच मोजून दिले होते ऑगस्टमध्ये.

छपराचे तीन पत्रे गेलेत आमचे.
कुणी नेले ते न्सांजेच्या रस्त्यावर कुणालाही विचारा:
वायसन तेंगानी. त्याच्या न्हाणीवर आहेत,
आमचा हिरवा रंगसुद्धा खरवडला नाही त्याने.
त्या भोकातून ऑक्टोबरचं ऊन येतं,
आणि उपदेश लांबला की
बाकांवरून सरकत सरकत
माझ्या वहीवर येऊन बसतं.

दुपारी कळलं.
पहाटे वायसनची बायको अडली होती.
वायसन नदीपलीकडे, मोझांबिकात, कुठेतरी.
लामेकी शेळ्या सोडायला निघालेला, त्याने ओरडणं ऐकलं.
कॅरियरवर मक्याचं पोतं घातलं, तिला बसवलं,
आणि चितेंज्याने आपल्या पाठीशी बांधलं,
आया तान्ह्याला बांधतात तसं.
बावीस किलोमीटर. लाल माती.
चेन तीनदा उतरली.
चढ आला की गाठ सोडून ढकलायचा.
ती शिव्या देत होती,
त्याला, वायसनला, अख्ख्या पुरुषजातीला.
म्हणाला, बरंच होतं ते,
शुद्धीत आहे एवढं तरी कळत होतं.

अंधार पडताना परतला. सदरा पाठीवर मिठाने कडक.
पाळकांना म्हणाला, वाचायचं राहून गेलं.
माफी मागितली त्याने. खरोखरची.
मुलगी झाली, हेही विचारल्यावर सांगितलं.
मग माझ्याकडे वळून:
पंक्चर आहे. तुझाच तो, मागचा.

रात्री कंदिलापाशी वही उघडली.
फुली इतकी रुतलेली
की खोडली तर कागद फाटला असता.
हजर लिहावं, तर आला नव्हता.
गैरहजर ठेवावं, तर
आम्ही एकशे चार जण
सावलीत बसून जे नुसतं ऐकत होतो
ते तिकडे
पायडल मारत चाललं होतं.
एकोणीस वर्षांत
तिसरा रकाना आखायचं सुचलंच नव्हतं मला.

मंगळवारी वायसन आला, डोक्यावर पत्रा घेऊन.
एकच.
बाकीचे पावसाळा सरल्यावर, म्हणाला, घरात बाळ आहे.
पाळक माझ्याकडे बघू लागले,
हिशेब माझा ना.

मी काही बोललो नाही.
ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरून
बुडबुडा कुठून येतो
ते बघत होतो.