बारापर्यंत मोजताना

फोन आला तेव्हा रात्रीचे पावणेदहा, बाहेर उणे चोवीस,
मी शेगडीपाशी मोजे वाळत घालत होते.
पलीकडे कुणी बाई. नाव सांगितलं तिनं, राहिलं नाही लक्षात.
म्हणाली, इथे लिलावाच्या आवारात
सात नंबरच्या कोंडवाड्यात उभी आहे
एक कुमैत घोडी, म्हातारी, डाव्या पुठ्ठ्यावर
आडवा पडलेला चंद्र, खाली रेघ.
खुणांच्या नोंदवहीत तुमचं नाव निघालं, आर्डिस त्वाइट.
तुमचीच ना?

मी म्हणाले, विकली होती.
एकोणीस वर्षांपूर्वी. रोख. पावती असेल कुठेतरी.
ती म्हणाली, हो.
पण तुमचीच ना?

सिग्ने म्हणते, पुरे आता हे डागणं, आई.
तांदळाएवढी चिप मानेत टोचायची, झालं काम.
गिऱ्हाइकाला कोरी कातडी लागते,
टेक्ससचा दलाल कोऱ्या शिंगरामागे
दोनशे डॉलर जास्त मोजतो.
आणि शिंगराला विचारलंय का कुणी?

खरंय तिचं. नाही विचारलं.
माझ्या बापानं तर लोखंड लालभडक करून टेकवलं,
त्याच्या कोटाला आठवडाभर
केस जळाल्याचा वास यायचा, आणि त्याच कोटानं तो चर्चला जायचा.
मी तांब्याचा ठसा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवते.
म्हणे, थंडीचा चटका कमी लागतो.
म्हणे.
पहिल्या तीन आकड्यांना काही नाही.
चौथ्याला कातडी थरथरते, माशी बसल्यासारखी.
मग ते मान वळवून बघतं.
दुखलं, असं नसतं त्या बघण्यात.
तूच का, एवढंच असतं.
पुढे तिथले केस गळतात, नवे येतात ते पांढरेच.
दुधाचे दात न पडलेल्या पोराला
म्हातारपणाचा एक तुकडा आगाऊ.

डाग हा शब्दच दुतोंडी.
अब्रूला लागतो तोही डाग,
आणि अडीनडीला सावकाराकडे गहाण पडतो तोही.

विकलं की सुटलो, असं मानून आम्ही जगतो.
पैसे मोजले, दोर हातातून हातात गेला,
ट्रकचं फळकूट वर चढलं, देणंघेणं संपलं.
बाजारात विकणाऱ्याचा चेहरा कुणाच्या लक्षात राहतो?
ती घोडी माझा चेहरा पुठ्ठ्यावर घेऊन
एकोणीस वर्षं हिंडली.
किती मालक, किती तबेले, कुणी पोरं बसवली पाठीवर,
कुणी उपाशी ठेवली,
जो कुणी खरारा करायला वाकला
त्यानं आधी मला वाचलं.

दोनशे दहा मैल. रस्त्यावर काचेसारखा बर्फ.
मी गेले का, विचारू नका.
गेले.
सात नंबरचा कोंडवाडा रिकामा होता,
शेणातून अजून वाफ निघत होती.
ट्रक पहाटेच उत्तरेला गेले, माणूस म्हणाला,
सीमेपलीकडे.
आणि फावडं घेऊन कामाला लागला.

मग वाचवलं का त्या खुणेनं तिला? नाही.
मला फक्त कळलं.
आपल्याला कळावं म्हणून
दुसऱ्याच्या कातडीचा किती तुकडा घ्यावा,
याचा हिशोब मला आजही जमत नाही.

पण त्या बाईकडे चिप वाचायचं यंत्र नव्हतं.
विजेरी होती.

आज मे महिन्यातला मंगळवार. अकरा शिंगरं.
नायट्रोजनच्या डब्यातून धूर सांडतोय गवतावर.
सिग्नेनं चिपाही टोचल्यात, न बोलता,
आता दोर धरून उभी आहे, तोंड वळवून.
दलालाला मी कळवलंय, कोरं काही मिळणार नाही,
परवडत असेल तर ये.
पहिलंच शिंगरू, कपाळावर चांदकी असलेलं.
दरवर्षी या वेळी मी घड्याळाकडे बघते.

चार.
मान वळली.
पाच, सहा, मी बघतेय, बाळा,
मीच.
सात.